विमानांच्या रेडिओतील शिट्टी

विमानांचे संभाषण ऐकण्यासाठी हातात मावणारा रेडिओ निवडताना आपण दोन गोष्टी पाहतो: ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि त्या पट्ट्यावर एएमची सोय. आर्मस्ट्राँग यांना कमी खरखरीच्या एफएमचे पेटंट १९३३ सालीच मिळाले. मग विमाने एएमवरच का राहिली? जगभरचे संच बदलणे अवघड, हे एक कारण. दुसरे अधिक उद्बोधक आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले, तर जोरकस लहर दुसरीला पुरती दाबते. एएमवर मात्र दोन्ही मिसळतात. त्यांच्या वारंवारतांत १००० हर्ट्झचा फरक असेल, तर तेवढ्याच वारंवारतेची शिट्टी ऐकू येते.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर, दाट धुक्यात, अशी शिट्टी वाजली. नियंत्रक केएलएमच्या विमानाला थांबण्यास सांगत असतानाच पॅन अॅमचे वैमानिक आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवत होते. केएलएमच्या वैमानिकांपर्यंत दोन्ही निरोप शिट्टीत मिसळून पोहोचले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. विमाने आदळली, ५८३ माणसे दगावली.

एएम आपल्याला दोघे बोलल्याचे सांगते. काय बोलले, ते विचारावेच लागते.