कृष्णविवराची नाडी

बंगळूरच्या जुन्या पेठेत चिकपेटचा रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि दोड्डपेटचा दक्षिणोत्तर. या दोहोंच्या चौकाभोवती केंपेगौडाचे नगर वाढले आणि १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. श्रोतेहो, रात्रीच्या वेळी चिकपेटच्या एका टोकाहून एक दवंडीवाला ‘दिवे मालवा’ असे ओरडत निघाला आहे, अशी कल्पना करा. दुसरे टोक गाठायला त्याला जितका वेळ लागेल, त्याहून लवकर सारी पेठ अंधारणार नाही. दूरच्या टेकडीवरील माणसाला दुकाने दिसत नसली, तरी उजेड मावळायला लागलेल्या वेळावरून तो पेठेची लांबी अजमावू शकेल.

आकाशातला दवंडीवाला म्हणजे प्रकाश. त्याच्याहून वेगवान काही नाही. तरीही सूर्याचा व्यास ओलांडायला त्याला साडेचार सेकंदांहून अधिक वेळ लागतो. १९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या ‘उहुरू’ उपग्रहाला पुढील वर्षी हंस तारकासमूहातील एका उगमाचे क्ष-किरण सेकंदाच्या अंशमात्र काळात कमीजास्त होताना आढळले. म्हणजे तो उगम सूर्याच्या मानाने अगदीच चिमुकला. पण त्याच्या ओढीने एक प्रचंड निळा तारा साडेपाच दिवसांत फेरी घालतो! इतके वजन इतक्या थोड्या जागेत मावायचे, तर तेथे कृष्णविवरच असावे, असे अनुमान निघाले. विवर स्वतः अदृश्य. सोबतच्या ताऱ्याचा वायू त्याच्याभोवती चक्राकार फिरताना तापतो आणि क्ष-किरण फेकतो.

हे किरण वातावरणात अडतात, म्हणून यंत्र वरच न्यावे लागते. चिकपेटहून आज मेट्रोने पीण्याला जाता येते. तेथील औद्योगिक वसाहतीतील साध्या छपरांखाली उडुपी रामचंद्र राव यांच्या चमूने ‘आर्यभट’ घडविला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने तो वर गेला. त्यावर क्ष-किरणांचे यंत्र होते. पण अवघ्या चार दिवसांत वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले. दोन रुपयांच्या नोटेवर आर्यभटाचे चित्र आले खरे, परंतु ताऱ्यांची नाडी पाहायला त्याला पुरेसा अवधी मिळाला नाही.

आणखी एक संधी दोन दशकांनंतर आली. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला ‘आयआरएस-पी३’ हा मुख्यतः पृथ्वीकडे पाहणारा उपग्रह. त्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे क्ष-किरण मोजणारे नळे बसविले होते. (ही संस्थाही १९४५ साली बंगळुरातच सुरू झाली.) काही काळ उपग्रहाचे तोंड आकाशाकडे वळवीत आणि तेवढ्यात काय दिसेल ते टिपीत. उसनी खिडकीच म्हणा ना!

या खिडकीतून १९९७ मध्ये गरुड तारकासमूहातील ‘जीआरएस १९१५+१०५’ न्याहाळला गेला. तो १९९२ मध्ये सापडला होता. सुमारे पंचेचाळीस सेकंदांनी त्याचे तेज उसळे. चढ हळू आणि उतार झपाट्याचा. सामान्य न्यूट्रॉन ताऱ्यावरचे स्फोट नेमके उलट वागतात: भडका एकाएकी, विझणे सावकाश. बिस्वजित पॉल, प्रह्लाद अगरवाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लिहिले की, द्रव्य कृष्णविवराच्या क्षितिजापलीकडे नाहीसे होत असल्याचा हा संभाव्य पुरावा आहे. ‘संभाव्य’ हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातला, हे मला फार आवडते. न्यूट्रॉन ताऱ्याला कठीण पृष्ठ असते आणि त्यावर आदळलेले द्रव्य उजळते. येथे तसे पृष्ठच नसावे. इतर संशोधकांनी याच उसळ्यांचा अर्थ चक्राचा आतला भाग रिकामा होऊन पुन्हा भरण्याशी जोडला, आणि तो विचारही टिकून आहे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ गेला. त्यावरील टाटा संस्थेच्या यंत्रात किरणाच्या आगमनाची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदण्याची सोय होती. २०१७ च्या निरीक्षणांत त्या ताऱ्याची थरथर सेकंदाला ६७.४ पासून ७२.३ पर्यंत सरकताना दिसली. अमेरिकन उपग्रहाने अशीच ६७ ची थरथर आधी टिपली होती. ती जागची हलते, हे आता कळले. विवर सूर्याच्या सुमारे बारापट जड, अंतर सुमारे अठ्ठावीस हजार प्रकाशवर्षे. पुढल्याच वर्षी, २०१८ मध्ये, सव्वीस वर्षे तळपलेला हा तारा क्ष-किरणांत एकाएकी मंदावला.