आश्रय, वार आणि सोबत : बारामती-इंदापूर परिसरातील सहनिवासाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
परक्या व्यक्तीस घरात आसरा द्यावा व तिने त्याबदली सोबत आणि मदत करावी, ही प्रथा महाराष्ट्रात नवी नाही. मात्र मोबदल्याचे स्वरूप दोन्ही पक्षांना कितपत स्पष्ट होते, यावर आश्रिताची प्रतिष्ठा अवलंबून राहिली. प्रस्तुत निबंधात बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात या मुद्द्याचा विचार केला आहे.

विद्वानाचा आश्रय :
पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत पराडकर तरुणपणी बारामतीस आले. पेशव्यांचे आप्त व सावकार बाबूजी नाईक जोशी यांनी त्यांना पुराणिक म्हणून आश्रय दिला. १७९४ मध्ये मोरोपंतांचे निधन झाले, तोवर कऱ्हाकाठचे हे गावच त्यांचे घर होते. ‘आर्याभारत’ व ‘केकावली’ यांसारख्या रचनांमागे हे स्थैर्य उभे आहे. येथे घेणे आणि देणे दोन्ही नावानिशी ठरलेले होते. म्हणून आश्रय घेऊनही पंतांचा मान उणावला नाही.

विद्यार्थ्याचा वार :
गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांचा आश्रय याहून निराळा होता. आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवावयाचे, कोणाच्या तरी ओटीवर वा माडीवर निजावयाचे आणि पाणी भरणे, देवपूजा, बाजारहाट, यजमानाच्या मुलांचा अभ्यास अशी वरकामे करावयाची, असा हा क्रम असे. या व्यवस्थेने अनेकांचे शिक्षण तडीस गेले, हे नाकारता येत नाही. परंतु कामाला नाव व मर्यादा नसल्याने उपकाराचे ओझे वाढत जाई. शिवाय पुण्य यजमानाच्या पदरी पडे, तर चुलीपुढचे कष्ट घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. जातीच्या उंबरठ्याबाहेरील मुलांना तर हे दारच बंद होते.

वसतिगृहाचा पर्याय :
ही कोंडी फोडण्याचे कार्य वसतिगृहांनी केले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची चळवळ उभारली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. तेथे श्रम होते, पण उपकार नव्हता. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय व १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. परगावचे विद्यार्थी वसतिगृहात वा ‘कॉट बेसिस’वर राहू लागले. वाराची जागा मेसच्या डब्याने घेतली. संबंध रोखीचा झाला.

आजचा प्रश्न :
आता गरज उलट दिशेने निर्माण झाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे दहा टक्के लोकसंख्या साठी ओलांडलेली होती. मुले नोकरीनिमित्त दूर गेल्याने अनेक घरांत खोल्या रिकाम्या आणि वृद्ध एकाकी आहेत. जर्मनीत १९९० च्या दशकापासून रूढ झालेल्या योजनेत खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्यास एक तास मदत, असे साधे माप ठरलेले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार निवासाचा परवाना-करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मात्र अशा करारात रक्कम लिहिली जाते, सोबतीचे तास लिहिले जात नाहीत.

निष्कर्ष :
सहनिवासाचे पुनरुज्जीवन करावयाचे झाल्यास वाराची अव्यक्त कृतज्ञता उपयोगी नाही. मदत कोणती, किती वेळ आणि कोठे थांबावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. तसेच जात विचारून दार उघडण्याची जुनी रीतही मोडली पाहिजे. एरवी एकाकी वृद्धांची सोय होईल, पण तिची किंमत पुन्हा एखाद्या गरजू विद्यार्थ्याचा स्वाभिमान हीच असेल.