जुन्या नावाचं रिकामं खोकं

दिघीला आमच्या घरी एका ट्रंकेत जमिनीचे जुने कागद आहेत. एकावर 'जंजिरा संस्थान', दुसऱ्यावर 'जिल्हा कुलाबा', तिसऱ्यावर 'जिल्हा रायगड'. गाव तेच. १९४८ मध्ये सिद्दी नवाबाचं संस्थान विलीन होऊन आम्ही कुलाबा जिल्ह्यात आलो. १ जानेवारी १९८१ला, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाब्याचा रायगड झाला. आजी शेवटपर्यंत कुलाबाच म्हणायची. तिचं कुठे अडलं नाही, कारण समोरच्याला दोन्ही नावं माहीत असत.

कॉम्प्युटरला ती माहीत नसतात, सांगावी लागतात. हे मला माझ्या जुन्या लॅपटॉपवरच्या डेबियनने शिकवलं.

डेबियन ही स्वयंसेवकांनी १९९३ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली. तिच्यातला प्रत्येक प्रोग्रॅम 'पॅकेज' म्हणून येतो आणि अपग्रेड करताना मशीन त्याला फक्त नावाने ओळखतं. २००६ मध्ये ट्रेडमार्कवरून मोझिलाशी वाद झाला आणि डेबियनने फायरफॉक्सचं नाव बदलून 'आइसवीझल' केलं. २०१६ मध्ये वाद मिटला, जुनं नाव परत आलं. पण लोकांच्या मशीनवर तर आइसवीझल होतं! मशीन त्याच नावाची नवी आवृत्ती शोधणार, ती मिळणार नाही, आणि जुना ब्राउझर तसाच पडून राहणार. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद, आणि वापरणाऱ्याला पत्ताही नाही.

यावर डेबियनकडे जुना, साधा उपाय आहे. जुन्या नावाचं एक नवं पॅकेज काढायचं, पण आतून रिकामं. त्यात एकच सूचना: मला 'फायरफॉक्स-ईएसआर' लागतं. अपग्रेडमध्ये हे रिकामं खोकं येतं आणि सोबत खरा प्रोग्रॅम ओढून आणतं. जुन्या पॅकेजच्या फाइली नव्याकडे जाणार असतील, तर नवं पॅकेज तसं आधीच जाहीर करतं. नाहीतर एकाच फाइलवर दोघांचा दावा लागतो आणि अपग्रेड मध्येच थांबतं. सगळे पुढच्या आवृत्तीवर पोचले की खोकं काढून टाकतात.

तुमच्या फोनमध्ये याची दुसरी तऱ्हा आहे. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं 'एक्स' झालं, चिमणी गेली. पण अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपचं आतलं नाव अजून 'कॉम.ट्विटर.अँड्रॉइड' आहे. ते बदललं असतं तर फोनने त्याला वेगळंच अ‍ॅप मानलं असतं आणि जुन्या अ‍ॅपला अपडेट मिळालंच नसतं. म्हणून पाटी बदलली, आतलं नाव ठेवलं.

नाव बदलायला एक आदेश पुरतो. जुन्या नावाने येणाऱ्याला नव्या दारापर्यंत पोचवायचं काम मात्र कुणाला तरी बसून करावं लागतं, आणि ते नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

डेबियनचं खोकं काम संपल्यावर टाकून देता येतं. आमचा कुलाब्याचा कागद मी टाकणार नाही. रायगडच्या कागदावरून जंजिऱ्याच्या कागदाकडे जायची वाट त्याच्यातूनच जाते.