ओवीच्या शेजारची चूल

मराठी साहित्याच्या इतिहासाचा पेपर शिकवताना 'मानसोल्लास' या ग्रंथाचा उल्लेख दरवर्षी एकदा येतो आणि साधारण तीन मिनिटांत संपतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ११२९ च्या सुमाराची रचना, आणि महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा त्यातला निर्देश. ओवीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून विद्यार्थी तो लिहून घेतात आणि आपण 'विवेकसिंधू'कडे वळतो. दोन वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, या बायका कांडत काय होत्या? आणि बाकीच्या ग्रंथात काय आहे?" मी "राजनीती, कला, वगैरे" असे मोघम उत्तर दिले. वीस वर्षे ज्या ग्रंथाचे नाव घेत होतो तो आपण उघडलेलाच नाही, हे त्या 'वगैरे'मुळे माझे मलाच कळले.

गो. कृ. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेले 'मानसोल्लासा'चे खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले आहेत. ग्रंथाचे पाच भाग आणि प्रत्येकात वीस अध्याय. तिसऱ्या भागात राजाचे उपभोग येतात आणि त्यांत 'अन्नभोग' आहे; चौथ्यात राजाचे विनोद, म्हणजे करमणुकी आहेत. गंमत अशी, की आपली ओवी ज्या चौथ्या भागातल्या 'गीतविनोदा'त येते, त्याच भागात 'मृगयाविनोद'ही आहे. ओवी आणि हरणाची शिकार एकाच विभागातले शेजारी आहेत. आपण त्यातली एक शेजारीण घरी आणली आणि दुसऱ्याचे दार वाजवलेच नाही.

'अन्नभोग' वाचताना पहिला धक्का बसतो तो ओळखीचा. इडली आणि डोसा यांच्या पूर्वजांची नावे तिथे आहेत, मांडे आहेत, पुऱ्या आहेत. दुसरा धक्का अनोळखीचा. निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे, रक्तात शिजवून काळा केलेला पाक, कासव, शेतातले उंदीर. आणि मांसाबरोबर मुळा, वांगे, कांदा, लसूण घालून केलेले प्रकार. आंबट रसाने आणि हिंगाने या पदार्थांना चव येते. हे सारे मिरची, टोमॅटो आणि बटाटा या तिघांशिवाय चालते, कारण ते अमेरिकेतून इकडे यायला अजून चारेकशे वर्षे होती. मांस मऊ करण्यासाठी आज घरोघरी जी कच्ची पपई लावतात, तीही नंतरचीच पाहुणी. तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. आंबटपणा डाळिंब, महाळुंग यांसारख्या फळांचा.

हरणाच्या मांसाचा प्रश्न इथेच येतो. रानात धावणाऱ्या या प्राण्याच्या अंगावर चरबी अगदी कमी. नुसत्या आचेवर धरले तर त्याचे मांस कोरडे आणि चिवट होते. ते कोवळे लागावे म्हणून तीन वाटा उरतात: आंबटात मुरवणे, वरून तूप किंवा चरबी देणे, आणि रसात मंद आचेवर दीर्घकाळ शिजवणे, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे धागे विरघळून रस्सा दाट होतो. मांसासोबत मुळा-वांग्यासारखी पाणी सोडणारी भाजी घालण्यात निव्वळ हौस नाही, स्वयंपाकघरातले शहाणपण आहे. ओलावा टिकतो आणि रस्सा भाजी शोषून घेते.

या मांसाची थोरवी सोमेश्वराच्याही आधीची आहे. 'चरकसंहिते'त निरनिराळ्या वर्गांतल्या श्रेष्ठ द्रव्यांची यादी आहे. तीत मृगमांसांमध्ये एणाचे, म्हणजे काळविटाचे मांस श्रेष्ठ मानले आहे. कारण हा 'जांगल' प्राणी. मराठीत 'जंगल' म्हटले की दाट झाडी डोळ्यांसमोर येते; पण वैद्यकातला जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. तिथल्या प्राण्यांचे मांस पचायला हलके, पाणथळ आनूप देशातल्यांचे जड. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ साली या एका भेदावर अख्खा ग्रंथ लिहिला. काळवीट जिथे स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञाला योग्य, असे 'मनुस्मृती' सांगते. एकच प्राणी भूगोल, धर्म, औषध आणि स्वयंपाक अशा चार ठिकाणी मोजमाप म्हणून उभा आहे. आणि नगर-सोलापूरकडची माळराने पाहिली की हा जांगल देश आपल्या किती जवळचा आहे, ते ध्यानात येते.

शब्दांनीही यातले काही जपले आहे. वैद्यकात 'वेसवार' म्हणजे हाडे काढून शिजवलेले, पुन्हा वाटून मिरी, पिंपळी, सुंठ, गूळ आणि तूप घातलेले मांस. अमरकोशात हाच शब्द केवळ मसाल्यासाठी येतो. मराठवाड्यात आमटीला लावतात त्या 'येसर' मसाल्याचे नाव ऐकले की त्याचे नाते या वेसवाराशी जोडावेसे वाटते. तसे असेल, तर मांस गेले आणि मसाला राहिला, एवढा मोठा सामाजिक इतिहास एका डब्यात बसला आहे.

आपल्या साहित्यविचारात मात्र हरीण केवळ डोळ्यांपुरते उरले. हरिणाक्षी, मृगनयना, मृगजळ यांपलीकडे आपण जात नाही. 'शाकुंतला'त पहिल्या अंकात तपस्वी दुष्यंताला आश्रममृग मारू नको म्हणून अडवतात, हे आपण रंगवून शिकवतो. पण दुसऱ्याच अंकात विदूषक कुरकुरतो, की या राजाच्या शिकारीच्या नादापायी अवेळी आणि बहुतकरून सळईवर भाजलेले मांस खावे लागते. कालिदासाला दोन्ही हरणे दिसत होती. 'नलोपाख्याना'तही तेच. मराठीत नळ-दमयंती म्हटले की हंस आठवतो. पण महाभारतात दमयंती नवऱ्याला ओळखते ती जिभेने. बाहुकाने शिजवलेले मांस ती केशिनीकडून आणवते, चाखते आणि हा नळच अशी तिची खात्री पटते. घरच्या हाताची चव ही ओळखीची खूण आहे, हे इतक्या साधेपणाने सांगणारा प्रसंग मला दुसरा आठवत नाही. तो आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही, कारण त्यात मांस आहे.

याचा अर्थ त्या काळी कोणालाच काही खुपत नव्हते असा नाही. वनपर्वातच एक लहानसे उपपर्व आहे. द्वैतवनात युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणे येतात. थरथरत, रडत सांगतात की तुमच्या शिकारीमुळे आम्ही आता बियाण्यापुरती उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे जा. युधिष्ठिर भावांना घेऊन काम्यकवनात जातो. शिकार थांबत नाही, फक्त वन बदलते. पण खाणाऱ्याच्या झोपेत खाल्लेला येऊन बोलतो, ही जाणीव परंपरेने स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

'विनोद' हा शब्दही सरळ नाही. राजाची मृगया हा विनोद होता. फासे लावून तीच हरणे धरणारे पारधी मात्र इंग्रजी राजवटीत, १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या परंपरेत, जन्मजात गुन्हेगार ठरले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला. लोकांच्या मनावरून पुसला गेला असे म्हणवत नाही. कर्म एकच, एकाला त्याचा ग्रंथ मिळाला, दुसऱ्याला त्याची पोलीस नोंद.

आज ती चूल विझलेली आहे आणि ती विझलेलीच राहावी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे दार बंद केले. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीत १९८० पासून काळविटांसाठी अभयारण्य आहे. युधिष्ठिराला स्वप्नात जे मागितले गेले, ते कायद्याने जागेपणी दिले. म्हणून या पाककृती आता कोणी करून पाहायच्या नाहीत. पण वाचायच्याही नाहीत, असे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? न आवडणारा पदार्थ ताटातून बाजूला सारता येतो. ग्रंथातून सारला तर उरलेला ग्रंथ खोटा ठरतो.

यंदा तो तास पुन्हा घेतला. ती विद्यार्थिनी आता शिकून बाहेर पडली होती, पण तिचा प्रश्न मी फळ्यावर लिहिला: बायका कांडत काय होत्या? धान्य, हे पहिले उत्तर. पण त्याच उखळा-मुसळांच्या जगात मिरीही कुटली जात असणार, सुंठही, आणि अधूनमधून कुणाच्या तरी मुदपाकखान्यासाठी लागणारा वेसवारही. त्यांची ओवी आपण वहीत लिहून घेतली. ती कशावर गायली जात होती, हे विचारायला आठशेहून अधिक वर्षांनी मागच्या बाकावरची एक मुलगी लागली.