बुलेटचा कॅम व त्यामागील इतिहास

गेल्या दिवाळींत मी उंब्रजला आमच्या जुन्या घरीं गेलों होतों. तारळी जेथें कृष्णेला मिळते त्या गांवांत माझें बाळपण गेलें. आतां तें घर पुतणे सांभाळतात. त्यांतील धाकट्याजवळ एक जुनी ३५० सी. सी. ची बुलेट असून, तिच्यावरून पत्नीसह कन्याकुमारीपर्यंत जाण्याचा त्याचा मनोदय आहे. फराळ झाल्यावर त्यानें तेलकट फडक्यांत गुंडाळलेली दोन लहानशीं दातेरी चाकें माझ्यापुढें ठेविलीं. प्रत्येक चाकाला एकेक फुगवटा होता.

"काका, हे कंपनीचे मूळ कॅम. हे काढून मीं बाहेरचे शर्यतीचे बसविले. हमरस्त्यावर गाडी अशी पळते कीं विचारूं नका. पण कुंभार्ली घाटांत दगा झाला."

झालें होतें तें असें : पाठीमागें पत्नी, बाजूला सामान, आणि चढाचें वळण. वेग कमी होतांच एंजिन गचके देऊं लागलें व बंद पडलें. मागून येणारा मालट्रक वेळीं थांबला म्हणून निभावलें. तेव्हांपासून सूनबाई त्या गाडीवर बसावयास तयार नाहीं. आतां जुनेच कॅम पुन्हां घालावे कीं तिसरे कोणते शोधावे, असा त्याचा प्रश्न होता.

मी इतिहासाचा शिक्षक. यंत्रशास्त्राचा माझा अधिकार नाहीं. परंतु त्या लोखंडी तुकड्यालाहि इतिहास आहे, व प्रस्तुत प्रश्नाचें उत्तर त्या इतिहासांतच सांपडतें, असें मला वाटतें.

फिरत्या दांड्यावर एका बाजूस फुगवटा ठेविला, कीं प्रत्येक फेऱ्याबरोबर तो समोरची वस्तु उचलतो व सोडतो. हाच कॅम. ही युक्ति फार प्राचीन आहे. चीनमध्यें हान राजवटीच्या काळीं पाणचक्कीच्या जोरावर धान्य कांडणारे हातोडे अशाच रीतीनें उचलले जात. अल् जझारी यानें १२०६ सालीं पूर्ण केलेल्या आपल्या यंत्रविषयक ग्रंथांतहि कॅमाची योजना आहे.

पुढें १८७६ सालीं निकोलाउस ओटो यानें फोर-स्ट्रोक एंजिन सिद्ध केलें. वायु ओढून घेणें, दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें, हीं चार कामें मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत होतात, व तेवढ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदांच उघडावयाचा असतो. म्हणून कॅमशाफ्ट निम्म्या वेगानें फिरतो. आरंभींच्या अनेक लहान एंजिनांत धुराच्या व्हॉल्व्हलाच कॅम असे. वायु आंत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनें आपोआप उघडे. फ्रान्समधील द दिओं-बूतों कारखान्याचीं जुनीं एंजिनें याच जातीचीं होतीं. परंतु वेग वाढूं लागला तसा हा आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह मागें पडूं लागला, आणि दोन्ही व्हॉल्व्ह कॅमाच्या हुकमतीखालीं आले.

तेव्हांच एक महत्त्वाची गोष्ट एंजिनकारांच्या ध्यानांत आली. वेगानें आंत शिरणाऱ्या वायूला स्वतःची अशी एक झेप असते. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी वायु क्षणभर आंत येतच राहतो. म्हणून व्हॉल्व्ह उशीरा मिटला तर भरधांव एंजिनाला अधिक घांस मिळतो. मात्र एंजिन सावकाश चालत असतां वायूला ती झेप नसते; मग उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन तोच घांस बाहेर ढकलून देतो. माझ्या पुतण्याची गाडी सपाटीवर पळाली व घाटांत गुदमरली, ती यामुळेंच. शर्यतीच्या कॅमानें नवी शक्ति निर्माण केली नव्हती. खालच्या वेगांतील ओढ काढून वरच्या वेगांत नेऊन ठेविली होती.

माझ्या बाळपणीं कृष्णाकांठीं एंजिन म्हणजे पंपाचें एंजिन. किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली व १९४६ सालीं पुण्यास ऑइल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. शेतावरचें असें एंजिन एकाच ठरीव वेगानें तासन् तास चालतें. त्याचा कॅम त्या एका वेगापुरता जुळवला कीं काम झालें. मोटारसायकलीचें तसें नाहीं. तिला बाजारांतून रांगावें लागतें, घाट चढावा लागतो, व हमरस्त्यावर धांवावेंहि लागतें. तिचा कॅम म्हणजे तडजोडच होय.

बुलेटच्या कर्त्यांनीं ही तडजोड कोणत्या बाजूनें केली, तें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याची युद्धोत्तर ३५० सी. सी. ची बुलेट १९४९ सालीं बाजारांत आली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. शक्ति सुमारें अठरा अश्वबळ. लांब धांव, जड चाक व बेताचा कॅम अशी तिची ठेवण. आमच्या सैन्याला व पोलिसांना ओझें घेऊन चढणारी गाडी हवी होती. त्यांनीं ती पत्करली. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया स्थापन झाली, व १९६२ पर्यंत सर्व भाग येथेंच होऊं लागले. इंग्लंडांतील मूळ कारखाना १९६७ सालीं बंद पडला. आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊं लागली! तिच्याहून वेगवान गाड्या तेथें पुष्कळ झाल्या. परंतु संथपणें ओढण्याचा तिचा गुण टिकाऊ ठरला.

हा इतिहास सांगून मीं पुतण्याला विचारलें, "तूं दिवसभर कोणत्या वेगानें जाणार?" तो म्हणाला, "ताशीं साठ-सत्तर." म्हणजे एंजिनाच्या मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्या. ज्या कॅमाचा लाभ पांच हजारांपुढें सुरू होतो, तो अशा प्रवाशाच्या काय कामाचा? जाहिरातींतील सर्वांत मोठा आंकडा पाहूं नये. आपण ज्या वेगांत नेहमीं असतों तेथें काय मिळतें तें पाहावें. गांवच्या मिस्त्रीनेंहि भर घातली : कॅम व्हॉल्व्हला अधिक उंच उचलणारा असेल तर स्प्रिंग पुरते दबतात कीं नाहीं, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीं ना, हें तपासलेंच पाहिजे, नव्या कॅमाला जुने झिजलेले टॅपेट जोडूं नयेत, आणि दोन्ही कॅम जोडीचे घेऊन चाकांवरच्या खुणा अचूक जुळवाव्या.

मूळ कॅम झिजले होते. म्हणून पुतण्यानें त्याच आकाराची नवी जोडी व नवे टॅपेट घातले. परवां त्याचा फोन आला.

"काका, कुंभार्ली चढून चिपळूणला जाऊन आलों. गाडी पूर्वीइतकीच मंद आहे."

"आणि सूनबाई काय म्हणते?"

"ती मागेंच बसली होती. म्हणते, आतां कन्याकुमारीची तारीख ठरवा."