कामाची तारीख आणि कायम होण्याची तारीख

मंडळी, मानाचे तंटे आपल्या मालवणी मुलखाला नवे नाहीत. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला हात कोणाचा, देवापुढे गाऱ्हाणे घालताना पुढे उभा कोण राहणार, यावरून भावकी भावकीशी बोलेनाशी होते आणि काही वेळा प्रकरण कोर्टाची पायरी चढते. बाहेरच्या माणसाला याचे हसू येते. पण गावाला ठाऊक असते, की मानाच्या पाठीमागे हक्क उभा असतो, आणि हक्क एकदा हातचा गेला की तो परत मिळत नाही.

आज असाच एक मानाचा तंटा तुम्हांला सांगायचा आहे. तो देवळातला नाही, सरकारच्या बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या इंजिनिअरांचा आहे. त्याची मुळे १९३७ सालच्या नियमांपर्यंत जातात आणि त्याचा मोठा निवाडा १९९० साली झाला. म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षे. या काळात माणसे नोकरीला लागली, निवृत्तही झाली. पण यादीत वर कोण आणि खाली कोण, हा प्रश्न काही मिटला नाही.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरांच्या यादीत पहिला कोण, याच्याशी आम्हां खेड्यातल्या माणसांना काय करायचे? शिक्षक मंडळी मात्र असे म्हणणार नाहीत. ज्येष्ठता यादी भिंतीवर लागली की शाळा सुटल्यावर पहिली धाव कोठे असते, ते त्यांना विचारा. त्या यादीवर बढती ठरते, बढतीवर पगार ठरतो आणि पगारावर पेन्शनही अवलंबून असते. यादीतला नंबर हा घरातल्या भाताचा प्रश्न असतो.

आता मुळापासून पाहू. इंग्रज सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते. त्यासाठी हाताखालचा जाणता माणूस तयार करावा, म्हणून पुण्याला १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. तेच पुढचे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज. म्हणजे वरचा साहेब विलायतेतून यायचा आणि हाताखालचा माणूस येथे घडायचा. ही दोन मजल्यांची इमारत पहिल्यापासूनचीच. याच कॉलेजातून पदवी घेतलेले विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारा हा माणूस. पण १९०८ साली त्यांनी मुंबईची नोकरी सोडली आणि चीफ इंजिनिअर झाले ते म्हैसूर संस्थानात. वरचा मजला तेव्हा आपल्या माणसाला सहजासहजी खुला नव्हता.

पुढे काळ बदलला. इलाख्याची स्वतःची इंजिनिअर सेवा झाली आणि १९३७ साली तिचे नियम झाले. शिडी अशी होती. सर्वांत खाली ओव्हरसियर. रस्त्यावर खडी मोजणारा, पुलाच्या पायात उतरणारा. त्याच्यावर डेप्युटी इंजिनिअर, म्हणजे आजचा उपअभियंता. एका उपविभागाचा सारा कारभार त्याच्याकडे. त्याच्यावर एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, म्हणजे कार्यकारी अभियंता, आणि त्याच्यावर आणखी मोठे अधिकारी.

या शिडीतली डेप्युटी इंजिनिअरची पायरी आपल्या गोष्टीत महत्त्वाची. कारण त्या पायरीवर यायला दोन वाटा होत्या. एक सरळ भरतीची: पदवी घ्या, निवडीत उतरा आणि थेट त्या पायरीवर या. दुसरी बढतीची: ओव्हरसियर म्हणून वर्षानुवर्षे राबा आणि खालून वर चढा. काम तेच, खुर्ची तीच, जबाबदारीही तीच. मग एकाच खुर्चीवर दोन वाटांनी आलेल्या माणसांत मोठा कोण?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न चिघळला. १९५१ साली पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. धरणे, कालवे, रस्ते, शाळागृहे, दवाखाने. कामांचा नुसता पाऊस पडला. इंजिनिअर हवे होते आणि पदवीधर तर पुरेसे मिळत नव्हते. तेव्हा सरकारने जाणत्या ओव्हरसियरांना वर घेतले. पण कसे? तात्पुरते. कागदावर शब्द असायचा ‘स्थानापन्न’. म्हणजे काम डेप्युटी इंजिनिअरचे करायचे, सही त्याची करायची, बोलणी त्याची खायची, पण कायम व्हायचे ते सरकार म्हणेल तेव्हा.

त्यातच राज्यांच्या सीमा बदलल्या. आपल्या शेजारचे सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; हैदराबाद राज्यातून मराठवाड्याचे पाच जिल्हे आले, मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे आले. जमीन आली तशी नोकरमाणसेही आली. एका राज्याची माणसे दुसऱ्याच्या वाट्याला देण्याची तजवीज पुनर्रचनेच्या कायद्याच्या ११५ व्या कलमात होती. पण हैदराबादचा हुद्दा मुंबईच्या कोणत्या हुद्द्याबरोबर मोजायचा? त्यासाठी चार कसोट्या ठरल्या: कामाचे स्वरूप, अधिकार आणि जबाबदारीचा आवाका, नेमणुकीला लागणारी किमान पात्रता, आणि पगार. नुसते नाव सारखे म्हणून हुद्दा सारखा होत नाही, आणि नुसता पगार कमी म्हणून माणूस खालचा ठरत नाही, हे त्यातले तत्त्व.

याही वाटणीतून तंटे झाले. जुन्या हैदराबादेतून आंध्र प्रदेशाच्या वाट्याला गेलेल्या, पदवी नसलेल्या सुपरवायझरांची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७४ साली निकाल लागला तो त्यांच्या विरुद्ध. न्यायालयाचे म्हणणे असे, की बढतीसाठी आपला विचार व्हावा हा नोकरीतला हक्क आहे. पण बढती मिळण्याची शक्यता कमी झाली, एवढ्याने हक्क बुडाला असे होत नाही. ऐकायला कडू आहे, पण नोकरमाणसाने लक्षात ठेवावे असे आहे.

आता आपल्या मूळ तंट्याकडे येऊ. एप्रिल १९६० च्या अखेरीस, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे व्हायला अगदी थोडे दिवस उरले असताना, जुन्या मुंबई राज्याने इंजिनिअरांच्या भरतीचे नवे नियम केले. त्यांत प्रमाण ठरले पंच्याहत्तरास पंचवीस. सरळ भरतीचे तीन, तर बढतीचा एक. आणि आठव्या नियमात एक वाक्य होते. त्याचा आशय असा, की एखाद्या वर्षी सरळ भरतीने जेवढे येतील तेवढे सगळे मिळून, त्या वर्षी कायम झालेल्या बढतीवाल्यांच्या वर बसतील.

वाक्य साधे वाटते ना? मग हिशेब मांडून पाहा. समजा, मालवणच्या उपविभागावर १९६२ साली एका ओव्हरसियरला डेप्युटी इंजिनिअर म्हणून बसवले. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. आठ पावसाळे त्या गृहस्थाने मोऱ्या सांभाळल्या, खाडीकाठच्या वाहून गेलेल्या सडका पुन्हा बांधल्या. सरकारने त्याला कायम केले १९७० साली. त्याच १९७० साली एक तरुण पदवीधर सरळ भरतीने आला. यादीत वर कोण? तो तरुण. १९६२ साली हा मुलगा कोठे होता म्हणाल, तर शाळेत, आठवीच्या वर्गात! आता आठ वर्षांच्या कामाची किंमत काय झाली? यादीपुरती शून्य.

हे माझे उदाहरण कल्पित आहे, पण नियमाचा हिशेब खरा आहे. त्यातली मेख अशी, की कामावर हजर होण्याची तारीख माणसाच्या हातची असते, आणि कायम होण्याची तारीख कचेरीच्या हातची. जागा रिकामी असून कचेरीने कागद हलवला नाही, तर दोष कोणाचा? आणि शिक्षा कोणाला?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. सरळ भरतीवाला म्हणायचा, ‘मी स्पर्धेत उतरून आलो. चार जागांपैकी तीन आमच्या, असे सरकारने सांगितले म्हणून मी इकडे वळलो. उद्या हव्या तितक्या माणसांना तात्पुरती बढती देऊन सगळ्यांना माझ्या डोक्यावर बसवले, तर त्या प्रमाणाला अर्थ काय?’ आपल्या किनाऱ्यावर रापण ओढतात, तिथे जाळ्याचा वाटा वेगळा असतो आणि दोर ओढणाऱ्या हातांचा वेगळा. जाळे आणणारा खोटा नाही आणि ओढणाराही खोटा नाही. भांडण होते ते वाटणीचा नियम अगोदर स्वच्छ ठरलेला नसला म्हणजे.

अखेर बढतीवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. वारशाने तेच नियम गुजरातकडेही गेले होते, म्हणून गुजरातच्या इंजिनिअरांचे प्रकरणही सोबत चालले. १९७७ साली निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले; पुढच्याच वर्षी ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी विचारले ते मुद्द्याचे होते. दोघेही एकाच संवर्गात आहेत, एकच काम करतात, एकमेकांच्या जागी बदलून जातात. मग एकाची ज्येष्ठता तो आला त्या दिवसापासून आणि दुसऱ्याची तो कायम झाला त्या दिवसापासून, असा भेद का? कायम होणे हे ना माणसाच्या कर्तबगारीवर अवलंबून, ना जागा रिकामी असण्यावर. अशा बेभरवशाच्या गोष्टीवर माणसाचे नशीब टांगता येणार नाही. समानतेचा हक्क देणाऱ्या घटनेच्या १४ व्या आणि १६ व्या कलमांना हे धरून नाही. म्हणून १९६० च्या नियमांतले ते वाक्य रद्द झाले, आणि १९७० च्या नव्या नियमांतला त्याच धाटणीचा तेहतिसावा नियमही रद्द झाला. खंड न पडता केलेले काम मोजायचे, हे तत्त्व ठरले.

तंटा तरी मिटला का? नाही. आता सरळ भरतीवाले खाली सरकले आणि त्यांची संघटना न्यायालयात गेली. या वेळी पाच न्यायाधीशांचे घटनापीठ बसले. २ मे १९९० रोजी न्यायमूर्ती ललित मोहन शर्मा यांनी निकाल दिला आणि ज्येष्ठतेची सूत्रे एकामागून एक क्रमाने मांडून दिली. त्यांतली चार आपण घरगुती भाषेत सांगू.

पहिले: माणूस नियमाप्रमाणे नेमला गेला असेल, तर त्याची ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून, कायम झाल्याच्या तारखेपासून नव्हे. दुसरे: नेमणूक नियमाला सोडून, केवळ वेळ मारून नेण्यासाठी केली असेल, तर तो काळ धरता येणार नाही. मात्र कार्यपद्धतीत उणीव राहिली असली, तरी माणूस खंड न पडता त्या जागेवर राहिला आणि पुढे रीतसर झाला, तर तो काळ धरावा लागेल. तिसरे: ठरवलेले प्रमाण पाळणे अशक्य झाले, तर सरकारने योग्य तो दुसरा नियम करावा, मोडका नियम कागदावर ठेवून मागून आलेल्याला पुढे बसवू नये. आणि चौथे, माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे: एखाद्या सेवेचा प्रश्न नीट विचार करून एकदा सोडवला, तर त्याचा मान राखावा, बसलेली घडी पुन्हा पुन्हा विस्कटण्यात सेवेचे हित नाही.

देशात कोठेही ज्येष्ठतेचा वाद निघाला, तरी वकील मंडळी महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांच्या या दोन निवाड्यांचा आधार घेतात. पटवर्धनांच्या खटल्याचा फायदा कारकुनाला झाला, शिक्षकाला झाला, तलाठ्यालाही होऊ शकतो.

यातून आपण काय घ्यावे? सरकारने घ्यायचे ते असे, की वाटणीचा नियम काम सुरू होण्याआधी सांगावा, आणि माणसाला तात्पुरते ठेवून कायमचे काम करून घेऊ नये. दोन चांगल्या माणसांत पन्नास वर्षे वैर राहिले, ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे, तर धड न लिहिलेल्या नियमामुळे. एकाच कचेरीत शेजारी बसून काम करायचे आणि शनिवारी वकिलाकडे एकमेकांविरुद्ध जायचे, यात खात्याचे काय भले होणार? आणि खात्याचे भले नाही, तर पुलाचे आणि सडकेचे तरी कोठून होणार?

आणि नोकरमाणसाने, विशेषतः शिक्षकांनी, घ्यायचे ते असे. नेमणुकीचा हुकूम, हजर झाल्याची तारीख, बदलीचे कागद, सेवापुस्तकातल्या नोंदी, सगळे जपून ठेवा. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की ती नीट वाचा आणि हरकत घ्यायची असेल तर मुदतीत, लेखी घ्या. गप्प बसून वर्षांनी गाऱ्हाणे घातले, तर तोवर दुसऱ्याचे घर त्या यादीवर उभे राहिलेले असते, आणि ते पाडायला न्यायालयही सहसा धजत नाही.