पत्र्याखालचा गाडीखाना

इतिहास म्हटला की ताम्रपट, बखरी, किल्ले आणि नाणी आपल्या डोळ्यांसमोर येतात; मोटारगाडी येत नाही. जी वस्तू आपल्या पणजोबांच्या देखत जन्मली तिला इतिहास तो कसला, असे आपणांस वाटते. तथापि टाकून दिलेली वस्तू जतन करण्याजोगी केव्हा ठरते आणि तिचे मोल कोण ठरवतो, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. पश्चिम फ्रान्समधील एका वाडीच्या हकीकतीवरून तो आज तपासून पाहू.

२०१४ साली पॅरिसच्या आर्टक्युरिअल या लिलावसंस्थेचे दोन तज्ज्ञ निओर शहराजवळच्या या वाडीत गेले. गंजलेल्या पत्र्यांच्या पडव्यांखाली गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. कुणाच्या खिडकीतून वेल आत शिरला होता, तर कुणाचा तळ कुजून जमिनीला टेकला होता. एका बंद खोलीत जुन्या मासिकांच्या ढिगाखाली १९६१ सालची फेरारी निघाली आणि तिच्या शेजारी १९५६ सालची मासेराती. या गाड्या रोजे बायों नावाच्या गृहस्थांनी जमविल्या होत्या. त्यांच्या नातवंडांनी तज्ज्ञांस बोलाविले होते.

बायों हे मालवाहतुकीच्या धंद्यातले. १९४७ च्या पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात त्यांनी स्वतः बांधलेली गाडी मांडली होती. पुढे धंद्याला बरकत आली, तेव्हा त्यांनी एक छंद धरला. जुन्या, थोर कारागिरीच्या गाड्या मोडीच्या मार्गावरून परत आणावयाच्या आणि त्यांचे संग्रहालय उभारावयाचे.

अशा गाड्या मोडीत का निघत होत्या, हे समजून घेतले पाहिजे. महायुद्धापूर्वी फ्रान्समध्ये उंची मोटारीची चौकट आणि इंजिन एक कारखाना करी, आणि वरचा सांगाडा दुसरा कारागीर हाताने पत्रा ठोकून घडवी. साउचिकसारख्या कारागिराची प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखी असे. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा पडला. पॉन्स योजनेने सरकारने मोजक्या मोठ्या कारखान्यांस झुकते माप दिले, आणि मोठ्या इंजिनांवर जबर कर बसविला. शिवाय चौकट आणि सांगाडा एकजीव करण्याची नवी पद्धत आली, तेव्हा सांगाडा घडविणाऱ्याला कामच उरले नाही. १९५४ साली देलाए हा नामांकित कारखाना हॉचकिसमध्ये विलीन झाला. पुढे काही वर्षांत टाल्बो-लागोही सिम्काच्या ताब्यात गेला. त्यांच्या गाड्या पेट्रोल भरमसाट पीत, कर खात, आणि सुटे भाग तर मिळतच नसत. मालकाला त्या नकोशा झाल्या, त्यात नवल नाही. एका पिढीचे वैभव दुसऱ्या पिढीच्या अंगणातली अडगळ झाले.

त्या अडगळीत बायोंना मोल दिसले. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा धंदा बुडाला. काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या पत्र्याखाली तशाच राहिल्या. संग्रहालय झालेच नाही. पुढे बायों वारले, त्यांचा मुलगाही वारला.

६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिस येथे ५९ गाड्यांचा लिलाव झाला आणि अडीच कोटी युरोंहून अधिक रक्कम आली. पण हा आकडा नीट उलगडून पाहावा. त्यातले १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरो, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश, त्या एकट्या फेरारीचे होते. तिच्यावर जो अंदाज बांधला होता त्याची वरची मर्यादा १ कोटी २० लाखांची होती. या घडणीच्या, दिव्यांवर काचेचे आवरण असलेल्या अवघ्या ३७ गाड्या निघाल्या होत्या हे खरे. पण ती एके काळी आलँ दलों या प्रख्यात नटाची होती, हेही तितकेच खरे. साउचिकच्या हातची एक टाल्बो-लागो सुमारे १७ लाखांना गेली. त्याच पडव्यांतल्या साध्या गाड्यांना मात्र काही हजारांवर समाधान मानावे लागले. ऊन, पाऊस आणि गंज सर्वांच्या वाट्याला सारखाच आला होता. किंमत सारखी आली नाही.

तेव्हा केवळ लोखंडाला किंवा जुनेपणाला किंमत येते असे नव्हे. याची आणखी एक साक्ष मॅगिओरे सरोवरात मिळाली. १९२५ सालची एक बुगाटी गाडी जकात न भरल्यामुळे स्विस अधिकाऱ्यांनी १९३६ साली पाण्यात सोडून दिली. २००९ साली पाणबुड्यांनी ती सुमारे ५३ मीटर खोलीवरून वर काढली, आणि पुढच्या वर्षी तो गंजलेला सांगाडा २ लाख ६० हजार ५०० युरोंना विकला गेला. घेणाऱ्याने ती दुरुस्त केली नाही. कॅलिफोर्नियातील आपल्या संग्रहालयात आहे तशीच मांडली. हा विक्षिप्तपणा म्हणता येणार नाही. नवा रंग केव्हाही देता येतो; पहिला रंग पुन्हा देता येत नाही. चौकटीवरचा मूळ क्रमांक, त्या काळचे चामडे, वापराने पडलेले ओरखडे ही त्या गाडीची कागदपत्रे आहेत. ती पुसून गाडी चकचकीत करणे म्हणजे जुनी बखर सुंदर अक्षरात उतरवून घेऊन मूळ प्रत चुलीत घालणे होय. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली होती. तिच्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांसाठी २०१२ साली ट्यूरिनची सनद स्वीकारली गेली, ती याच विचारातून.

म्हणून कोणी हेळसांडीची थोरवी गाऊ लागेल तर ते मात्र मान्य करता येणार नाही. पत्र्याखाली ज्या वाचल्या त्या आपणांस दिसल्या. भट्टीत वितळल्या त्यांचा लिलाव कुणी मांडला नाही. शिवाय ज्या दिवशी त्या गाड्यांना किंमत आली त्याच दिवशी बायोंचा संग्रह मोडला. गाड्या वेगवेगळ्या धन्यांकडे गेल्या, आणि एका माणसाने एका बुडत्या कारागिरीची जी साखळी जुळवीत आणली होती ती विखुरली. किंमत लिलावात एका दुपारी ठरते. मोल ओळखणारा मात्र त्याआधी पन्नास-साठ वर्षे, वस्तूला कुणी विचारीत नसताना, मोडीवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिलेला असावा लागतो. लिलावाचे आकडे वर्तमानपत्रांनी छापले. या माणसाची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.